नाशिकच्या पश्चिमेकडच्या जंगलात रानपिंगळा: शोधायचा कसा, नोंदवायचा कसा, राखायचा कसा

नोव्हेंबर लागला की फोन सुरू होतात. "रानपिंगळा बघायचाय, नाशिकपासून जवळ कुठे जाऊ?" रविवारी पहाटे निघून दुपारी जेवायला घरी परतता येईल असं ठिकाण हवं असतं. ठिकाण मी कुणालाच सांगत नाही, का ते पुढे येईलच. पद्धत मात्र विचारेल त्याला सांगतो, आणि फोनवर ती दरवेळी अर्धीच सांगून होते. म्हणून आज सगळी एकदा नीट लिहून काढतोय.

आधी पक्ष्याबद्दल. रानपिंगळा म्हणजे जंगलात राहणारं एक छोटं घुबड, इंग्रजीत फॉरेस्ट आउलेट. एफ. आर. ब्लेविट यांना 1872 मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात हा पक्षी मिळाला, आणि 1873 मध्ये पक्षिशास्त्रज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात, शहाद्याच्या बाजूला, काही नमुने गोळा केले. 1884 नंतर पक्षी गायब झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातडी उरली होती. 25 नोव्हेंबर 1997 रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला, म्हणजे तब्बल 113 वर्षांनी. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि मध्य प्रदेशातल्या खंडवा भागातून नोंदी आल्या. फराह इश्तियाक, असद रहमानी, गिरीश जठार अशा अभ्यासकांनी त्याचं राहणं, खाणं, घरटं यांवर वर्षानुवर्षं काम केलं.

नाशिककरांच्या दृष्टीने महत्त्वाचं त्यानंतर घडलं. 2014 मध्ये तो शहापूरजवळच्या तानसा अभयारण्यात सापडला आणि त्याच सुमारास गुजरातच्या डांग जिल्ह्यातल्या पूर्णा अभयारण्यातूनही नोंद आली. नकाशा उघडून तानशावर एक बोट आणि पूर्णेवर दुसरं ठेवा. मधल्या पट्ट्यात त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा येतात. आपल्या दाराशी असलेलं हे जंगल आपण नीट चाललेलोच नाही, आणि ते चालणं हेच आपलं काम आहे.

शहरातला पिंगळा आधी पाठ करा

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि पुढच्या सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात. रानपिंगळा ओळखायचा तर साधा पिंगळा झोपेतही ओळखता आला पाहिजे. तो आपल्या गल्लीतच आहे. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या वळचणीत, गंगापूर रस्त्याकडेच्या म्हाताऱ्या आंब्यांत, गोदाकाठच्या उंबरांत, कुठेही शोधा. दिवेलागणीला "चिर्रर चिर्रर" असं भांडण ऐकू आलं की तिकडे वळायचं. महिनाभर रोज पंधरा मिनिटं एकाच जोडीकडे बघा. डोक्यावरचे पांढरे ठिपके बघा, ते अगदी तांदळाच्या कण्या शिंपडल्यासारखे असतात. मानेमागे फिकट पट्टी दिसते. छाती-पोटावर तपकिरी ठिपक्यांच्या तुटक ओळी असतात.

दुसरा गडी जंगली पिंगळा, इंग्रजीत जंगल आउलेट. हा जंगलात राहतो, सकाळी उशिरापर्यंत आणि ढगाळ दिवशी भरदिवसाही ओरडतो. नाशिकच्या पश्चिमेकडे तुम्हाला फसवणार तो बहुधा हाच. अंगभर बारीक आडव्या रेघा, डोकंही रेघाळलेलं. आवाज सावकाश सुरू होतो, मग कुक-कुक-कुक करत वेग घेतो आणि विरतो. बोरगडच्या बाजूला झाडीत पहाटे चालायला जाणाऱ्यांना हा आवाज कानावर पडायला हरकत नाही. बोरगड हे 2008 मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र आहे. सरावाला ते उत्तम, फक्त वर हवाई दलाचा भाग असल्याने कुठवर जाता येतं ते आधी विचारून घ्या.

मराठी नावांचा इथे फार गोंधळ होतो. कुणी जंगली पिंगळ्याला रानपिंगळा म्हणतं, कुणी रानपिंगळ्याला वनपिंगळा. त्यामुळे वहीत नुसतं नाव लिहून भागत नाही. डोकं कसं, छाती कशी, शेपूट कशी, हे शब्दांत लिहायची सवय आत्तापासून लावा.

आता रानपिंगळा

आकाराने तो साध्या पिंगळ्याहून थोडा मोठा, सुमारे 23 सेंटीमीटर. पण जंगलात सेंटीमीटर मोजता येत नाहीत, म्हणून आकारावर विसंबू नका. खाली दिलेल्या क्रमाने बघा, मी स्वतः याच क्रमाने बघतो.

पहिलं डोकं. ते राखाडी-तपकिरी आणि जवळजवळ कोरं असतं. ठिपके असले तरी इतके पुसट की दुर्बिणीतूनही शोधावे लागतात. लांबून पक्षी बसका, मोठ्या डोक्याचा वाटतो.

दुसरी छाती. वरच्या छातीवर गडद तपकिरी रंग एकसंध असतो, हातविणीचा मफलर गळ्याखाली घट्ट गुंडाळल्यासारखा. त्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा आणि कुशींना पट्टे. साध्या पिंगळ्याचे ठिपके पोटापर्यंत उतरतात, याचं पोट मध्ये कोरं राहतं.

तिसरी शेपूट आणि पंख: ठळक, रुंद, पांढरे-गडद पट्टे आणि शेपटीला पांढरं टोक. चौथे पाय. पायांवर दाट पांढरी पिसं आणि नख्या अंगाच्या मानाने दांडग्या.

आणि पाचवी वागणूक. हा दिवसा शिकार करणारा पिंगळा आहे. थंडीत सूर्य वर आला की सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर उघड्यावर येऊन बसतो. तोरणमाळच्या वाटेवर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सव्वाआठ वाजले होते. साठ-सत्तर पावलांवर एक वाळका साग, त्याच्या टोकाला पक्षी, पाठ उन्हाकडे. दहा मिनिटं हलला नाही. मग खाली पाचोळ्यात काहीतरी सळसळलं आणि त्याची शेपूट डावी-उजवी, डावी-उजवी अशी झटक्यात हलू लागली. अंग जागचं हललं नाही, फक्त शेपूट. पुढच्या क्षणी तो दगडासारखा खाली पडला आणि वर आला तेव्हा पायात सापसुरळी होती. तिचं तुटलेलं शेपूट खाली पाचोळ्यात अजून वळवळत होतं. शेपटीचा तो झटका एकदा बघितला की विसरत नाही.

आवाज थोडक्यात: मऊ, गोल "उऽव्व", मध्ये काही सेकंद थांबून पुन्हा "उऽव्व". ध्वनिमुद्रणं ऐकून घरीच कान तयार करा. जंगलात ती वाजवायची नाहीत.

माणसं, परवानगी आणि वेळ

राखीव जंगलात मनाला येईल तसं शिरता येत नाही. नाशिकला वनविभागाची पूर्व आणि पश्चिम अशी दोन कार्यालयं आहेत. तुमचा भाग कोणत्या परिक्षेत्रात येतो ते विचारा, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना साधं पत्र द्या: कोण, किती जण, कोणत्या तारखा, कोणती वाट, आणि नोंदी त्यांनाही देणार हे. पत्राची पोच घ्या. मग त्या भागाच्या वनरक्षकाला भेटा. पत्रापेक्षा ही भेट जास्त कामाची ठरते, कारण कोणत्या नाल्यात मागच्या आठवड्यात बिबट्या दिसला हे पत्राला माहीत नसतं.

चौघांहून जास्त जाऊ नका. दोघं असाल तर सर्वांत चांगलं. एकाने बघायचं, एकाने लिहायचं.

नोव्हेंबर ते मार्च हा चालण्याचा काळ. फेब्रुवारीत सागाची पानं गळतात, फांद्या मोकळ्या होतात, पक्षी लांबून दिसतो. पण याच्या विणीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असतो, म्हणजे आपल्याला सोयीचे महिने हे त्याच्या पिल्लांचे महिने आहेत. जंगलात ही गोष्ट सतत डोक्यात ठेवावी लागते.

डिसेंबरात नाशिकला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पेठच्या बाजूला जायचं तर पन्नासेक किलोमीटर आणि घाट धरून साडेचारला घर सोडा. उजाडायच्या आधी पाड्यावर पोचा, गाडी तिथेच लावा. सात ते साडेदहा चाला, दुपारी पाड्यावर बसा, चार ते सूर्यास्त पुन्हा चाला. दुर्बीण 8 गुणिले 42 ची पुरे. वही आणि शिसपेन्सिल घ्या, पेन दवाने बिघडतं. पाणी, भाकरी, बॅटरी आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला. गिरणारे सोडून वाघेरा घाटाकडे वळलं की फोनची रेंज जाते-येते, त्यामुळे घरी परतीची वेळ सांगून निघा.

जागा कशी निवडायची

इगतपुरीकडच्या गच्च, ओल्या झाडीत सुरुवात करू नका. रानपिंगळ्याला मोकळं पानझडी जंगल लागतं: साग, सादडा, धावडा, सलई, मध्ये गवताचे तुकडे, उघडा पाचोळा, आणि जुनी ढोलीची झाडं. उघडी जमीन त्याला शिकारीसाठी हवी, कारण पाली, सरडे, सापसुरळ्या, नाकतोडे, उंदीर हे सगळं तो वरून टेहळून धरतो. ढोली त्याला घरट्यासाठी हवी. घुबडं ढोली कोरत नाहीत. सुतार आणि तांबट कोरतात, फांदी मोडल्यावर लाकूड कुजून पोकळी होते, आणि तिथे हा राहायला येतो. साग दहा-पंधरा वर्षांत उंच दिसायला लागतो, पण ढोली धरायला खोड म्हातारं व्हावं लागतं. म्हणून लांबून हिरवंगार दिसणारं तरुण जंगल याच्या दृष्टीने बेघर असू शकतं.

यावरून पहिल्या दिवसाचं काम ठरतं. पक्षी शोधू नका, झाडं मोजा. एक किलोमीटरची वाट ठरवा आणि दोन्ही बाजूंना वीस-वीस मीटरमधलं प्रत्येक ढोलीचं झाड लिहा. झाडाचं नाव, छातीच्या उंचीवर म्हणजे साडेचार फुटांवर खोडाचा घेर (शिंप्याची टेप पुरते), ढोली जमिनीपासून किती वर, तोंड कोणत्या दिशेला. ढोलीत डोकावायचं नाही, काठी घालायची नाही, झाडावर थापही मारायची नाही. त्याच वाटेवर ताजे थोटके किती, जळाल्याच्या खुणा किती, फांद्या खांडलेली झाडं किती, हेही लिहा. पक्षी नाही दिसला तरी हा कागद वनखात्याला आणि ग्रामसभेला दोघांना उपयोगी पडतो.

मोहाची झाडं वेगळी लिहा. आपल्या पट्ट्यात सर्वांत म्हातारी झाडं बहुतेकदा मोहाचीच असतात, कारण फुलांसाठी आणि बियांसाठी घरोघरी मोह राखलेला असतो. सगळं रान साफ झालेल्या बांधावरसुद्धा दोन मोह उभे दिसतात. त्यांच्या ढोल्या वर्षानुवर्षं टिकतात. हे राखण कुणा पक्षिमित्राने केलेलं नाही, पाड्यावरच्या बायकांनी केलंय, आणि तिथे बोलायला जाताना हे आठवत ठेवावं.

पाड्यावर काय विचारायचं

"हा पक्षी पाहिलाय का?" असं म्हणून रानपिंगळ्याचा फोटो दाखवू नका. पाहुण्याला नाही म्हणणं आपल्याकडे कठीण, त्यामुळे उत्तर हो येतं. मी तीन फोटो नेतो, साधा पिंगळा, जंगली पिंगळा आणि रानपिंगळा. खाली नावं नसतात आणि क्रम दर वेळी बदललेला असतो. त्याआधी नुसतं विचारतो, "बाबा, पिंगळा कुठं बसतो?" आणि ऐकतो.

पेठच्या बाजूला एका आजोबांनी मला अर्धा तास ऐकवलं. "पिंगळा रातचा. पण एक हाये, तो उन्हात बसतो." मी विचारलं, "डोकं कसं त्याचं?" ते म्हणाले, "डोकं कोन बघतं भाऊ, तो कुठं बघतो ते बघायचं. खाली बघत असला त मारनार." मी ते तसंच वहीत उतरवलं. यात ओळख पटलेली नाही, पण दिवसा, उघड्यावर, जमिनीकडे नजर एवढ्या तीन गोष्टी त्यात आहेत, आणि त्या वाटेवर मी आजवर सात वेळा जाऊन आलो.

पिंगळ्याबद्दलचा जुना समजही बोलण्यात निघतो. पहाटे कंदील आणि डमरू घेऊन येणारा पिंगळा जोशी या पक्ष्याची भाषा जाणतो असं आपल्याकडे मानत आले. कुठे त्याचा आवाज शुभ, कुठे अशुभ. त्यावर वाद घालू नका. मात्र दिवाळीच्या दिवसांत अंधश्रद्धेपोटी घुबडं पकडली जातात, त्यांचा व्यवहार होतो, आणि कुणी अनोळखी माणूस पाड्यावर येऊन घुबडाचे पैसे विचारत असेल तर ते कळवायला हवं. रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणं-मारणं याला तीन ते सात वर्षं तुरुंगवास आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. वनखात्याचा फुकट फोन क्रमांक 1926 पाड्यावरच्या दुकानात लिहून ठेवा.

चालणं आणि थांबणं

दोनशे मीटर चालायचं, दहा मिनिटं थांबायचं. थांबल्यावर पहिली तीन मिनिटं फक्त कान द्यायचे, दुर्बीण खाली. मग उघडे शेंडे, वाळक्या फांद्या, नाल्याकाठची झाडं क्रमाने बघायची. छोटे पक्षी एका जागी जमून कलकलाट करत असतील तर तिकडे नक्की बघा. बुलबुल, शिंपी, शिंजीर मिळून घुबडाला हैराण करतात.

पक्षी दिसला तर जागेवर थांबा. पन्नास मीटरच्या आत जाऊ नका. तो तुमच्याकडे टक लावून मान वर-खाली करू लागला, तर तुम्ही आधीच जास्त जवळ गेला आहात. सावकाश मागे या. फोटो तीन हवेत: समोरून छाती, डोक्याचा माथा, शेपूट. सुंदर नाही आले तरी चालतील. पक्षी चोचीत भक्ष्य घेऊन ते न खाता एका झाडाकडे वारंवार जात असेल, तर तिथे घरटं आहे. विणीत नर भक्ष्य आणून मादीला भरवतो. अशा वेळी वहीत वेळ लिहा आणि निघा. त्या दिवशी परत त्या बाजूला फिरकू नका.

मुद्रित आवाज वाजवू नका, हे पुन्हा लिहितो. नर तो आवाज दुसऱ्या नराचा समजतो आणि शिकार सोडून हद्द राखायला धावतो. तेवढा वेळ मादी उपाशी आणि ढोली उघडी. एका फोटोग्राफरने पाच मिनिटं वाजवलं तर कदाचित निभावेल, पण एका माहीत झालेल्या जागेवर हंगामात शंभर जण येतात. मी ठिकाण सांगत नाही ते यासाठी.

वहीत काय लिहायचं, आणि काय लिहायचं नाही

या पक्ष्याच्या इतिहासात एक खोटी नोंद आहे आणि ती प्रत्येकाने जाणून घ्यावी. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने 1914 मध्ये तापीकाठच्या मांडवी इथे रानपिंगळा मिळाल्याचं सांगितलं, नमुनाही दाखवला. पुढे रासमुसेन आणि कॉलर यांनी तपासून दाखवलं की तो नमुना मुळात डेव्हिडसन यांचाच होता. संग्रहालयातून चोरलेला, आतला भराव बदललेला आणि नवी चिठ्ठी लावलेला. त्या एका चिठ्ठीने शोधाची दिशा चुकवली. मांडवी बाजूला काढून जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या, तेव्हा 1997 मध्ये पक्षी सापडला. तो सगळा काळ पक्षी खानदेशातल्या जंगलात होताच, आणि त्याच काळात त्याचं जंगल तुटत होतं.

माझी चूक इतकी मोठी नव्हती, पण जात तीच होती. सुरुवातीच्या वर्षांत वाघेरा घाटाच्या वर मला सकाळी नऊला उघड्या फांदीवर पिंगळा दिसला. दिवस, ऊन, साग, सगळं जुळत होतं. मी दुपारपर्यंत चार गटांवर "रानपिंगळा" म्हणून फोटो टाकला. दुसऱ्या रविवारी तिथे सहा गाड्या गेल्या. रात्री मोठ्या पडद्यावर फोटो उघडला तेव्हा माथ्यावरच्या आडव्या रेघा स्पष्ट दिसल्या. जंगली पिंगळा. मी चारही गटांवर दुरुस्ती टाकली, पण चुकीची नोंद पुढे गेलेली होती आणि एका यादीतून ती काढायला मला तीन महिने पत्रं लिहावी लागली. तेव्हापासून माझा नियम आहे: रात्र गेल्याशिवाय नाव लिहायचं नाही.

वहीत लिहायचं ते असं. तारीख, सुरू आणि संपल्याची वेळ, किती अंतर चाललो, हवा. मग पक्षी: किती वाजता, कोणत्या झाडावर, किती उंचीवर, काय करत होता, किती मिनिटं दिसला. मग ओळख: डोकं, छाती, पोट, शेपूट, आवाज, यातलं प्रत्यक्ष काय पाहिलं-ऐकलं तेवढंच. जे नाही दिसलं त्यापुढे "दिसलं नाही" लिहा. शेवटी खात्री: पक्की, बहुधा, शंका. शंकेची नोंद लाजिरवाणी नसते, फक्त तिला पक्की म्हणायचं नाही.

आणि पक्षी दिसला नाही तरी पान लिहाच. माझ्या हरसूल-पेठ पट्ट्याच्या वहीत पानांमागून पानं अशी आहेत: "सात ते साडेदहा, अडीच किलोमीटर, रानपिंगळा नाही." अभ्यासकाला अशी पानं फार मोलाची असतात, कारण कुणीतरी नीट शोधलं आणि तरी मिळाला नाही हे त्यांवरूनच कळतं.

नोंद कुठे द्यायची? वनपरिक्षेत्र कार्यालयाला अचूक जागेसह, लेखी. ई-बर्डसारख्या सार्वजनिक यादीत जागा ढोबळ ठेवा, तालुका पुरे. फोटो टाकण्याआधी त्यातली स्थानाची माहिती पुसा आणि मागे ओळखीचा डोंगर दिसत असेल तर कापा. व्हॉट्सअॅपवर जागा कुणालाच देऊ नका, सख्ख्या मित्रालाही नाही.

जंगल राखायचं तर

जगात या पक्ष्याचे प्रौढ एक हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. 2018 मध्ये आययूसीएन या जागतिक संस्थेच्या वर्गवारीत तो अतिसंकटग्रस्त यादीतून संकटग्रस्त यादीत आला, त्याचं एक कारण नव्या ठिकाणी सापडला हे आहे. मात्र त्याचं जंगल कमीच होत चाललंय.

आपल्या पट्ट्यात तीन गोष्टी करण्यासारख्या आहेत आणि तिन्ही पाड्याबरोबरच होतात. पहिली राब. नागली आणि भाताच्या रोपासाठी फांद्या खांडून, वाळवून, वाफ्यावर पसरून भाजतात. वर्षानुवर्षं खांडलेल्या सादड्याचा शेंडा वाढतच नाही, झाड खुरटं राहतं आणि ढोली धरण्याइतकं खोड होत नाही. राब बंद करा म्हणून सांगायला जाऊ नका. ज्याच्या घरात वर्षभराची नागली त्या वाफ्यावर ठरते त्याला आपण सांगणारे कोण? गादीवाफ्यावर शेणखत घालून रोप करून दाखवणारा एखादा शेतकरी त्याच पाड्यात शोधा, त्याच्या शेतावर चार जणांना न्या. आणि ढोलीची झाडं खांडायची नाहीत एवढी एकच विनंती करा. माझ्या अनुभवात ती बहुतेक जण मानतात, कारण झाडं वीस-पंचवीसच असतात आणि तुमच्याकडे त्यांची यादी असते.

दुसरी गोष्ट वणवा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि आग सुटते. पाचोळ्याबरोबर सरडे, सापसुरळ्या जातात, म्हणजे पिल्लं भरवायच्या दिवसांत रानपिंगळ्याचं ताट रिकामं. उपाय स्वस्त आहे: झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरणं. फुलं स्वच्छ मिळतात, मातीविना, त्यामुळे भावही बरा येतो. नाशिकमधून जुन्या साड्या गोळा करून फेब्रुवारीत पोचवा. गाडीभर साड्या जमवायला एक सोसायटी पुरते.

तिसरी, सामूहिक वनहक्क. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला तिच्या जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला आहे. ज्या गावाचा दावा मंजूर झालाय तिथे व्यवस्थापन आराखड्यात ढोलीच्या झाडांची यादी जोडता येते. आपल्या हरसूलजवळच्या खोरीपाड्याने गिधाडांसाठी वनखात्याबरोबर उपाहारगृह, म्हणजे मेलेली जनावरं गिधाडांना खायला ठेवायची जागा, चालवून दाखवलंय, त्यामुळे "गाव काय करणार" असं कुणी म्हटलं तर त्याला तिथे न्या.

शेतातल्या उंदरांच्या विषाबद्दलही बोला. विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो, सहज सापडतो, आणि घुबड त्याला खातं. निदान जंगलाला लागून असलेल्या बांधावर तरी सापळे वापरता येतात.

शहरातल्या आपल्या लोकांसाठी एकच आणि ते मनापासून सांगतो. त्र्यंबकच्या, पेठच्या रस्त्याला डोंगराच्या पायथ्याशी फार्महाऊसचा प्लॉट घेणार असाल तर आधी तिथली म्हातारी झाडं मोजा, आणि ती तोडून सपाट केलेला प्लॉट घेऊ नका. पाड्यावरच्या माणसाला राबाबद्दल विचारण्याआधी हे आपण करायला हवं.

पुढच्या वर्षी

एकदा निवडलेली वाट बदलू नका. हंगामात महिन्यातून एकदा, म्हणजे पाच फेऱ्या, त्याच वेळेला, त्याच टोकापासून. मार्चअखेर ढोल्यांची यादी पुन्हा तपासा: कोणतं झाड पडलं, कोणतं तुटलं, कोणत्या ढोलीत पोपट शिरले. एप्रिलमध्ये सगळ्या पानांची एक प्रत वनखात्याला, एक ग्रामसभेला द्या. ग्रामसभेत ती मोठ्याने वाचून दाखवा, कारण झाडं कुणाच्या बांधावरची आहेत हे तिथेच कळतं आणि चुकलेली नावं तिथेच दुरुस्त होतात. मागच्या वर्षी माझ्या यादीतला सतरा नंबरचा "धावडा" एका आजीने मोडीत काढला. "आरं, तो मोई हाये," म्हणाल्या. मी खोडून मोई लिहिलं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी वाट तिथूनच सुरू करणार आहे.